लांब दांडा की मोठे शेपूट?

फळीवर उभे राहून पाण्यावरून जाणे ही गोष्ट नवी नव्हे. परंतु फळी पाण्याला मुळीच न टेकता हातभर उंचीवरून अधांतरी धावत आहे आणि तिच्यावरचा माणूस जणू जिन्याच्या पायरीवर उभा असावा तसा स्वस्थ उभा आहे, हे दृश्य मात्र अलीकडचे होय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील शिडांच्या शर्यती मार्सेय येथील समुद्रात झाल्या. तेथे शिडाची फळी व पतंगाने ओढली जाणारी फळी या दोन्ही प्रकारांतील स्पर्धक अशाच अधांतरी फळ्यांवरून धावले. आपल्या देशाचे विष्णु सरवणन् व नेत्रा कुमनन् हेही त्या समुद्रात होते, पण ते पाण्याला टेकून चालणाऱ्या छोट्या शिडाच्या होड्यांत.

आमच्या वरच्या वर्गांतील मुलांना या हायड्रोफॉइल फळीचे मोठे वेड लागले आहे. वेड लागण्यास हरकत नाही. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना पाण्याचे वेड न लागले तरच आश्चर्य. परंतु त्यांच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार येते, आणि ते मला सलते. 'दांडा जितका आखूड आणि शेपूट जितके लहान, तितकी फळी उत्तम', हे ते वाक्य होय. मी मराठी व इतिहास शिकविते, माझी पदवी कलाशाखेची. मग हिने या विषयात तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर इतकेच की, ज्या गोष्टीसाठी येथे तरफेचा नियम आणि साधा गुणाकार यांपलीकडे काही लागत नाही, ती गोष्ट विज्ञानशिक्षकांच्या खोलीत कुलूपबंद करून ठेवण्याचे कारण नाही.

प्रथम या यंत्राची रचना पाहू. फळीच्या पोटाखाली एक उभा खांब असतो. त्याची उंची साधारणतः ७० ते ९० सेंटिमीटर. खांबाच्या पायथ्याशी, पाण्याच्या आत, एक आडवा दांडा बसविलेला असतो. विमानाच्या धडाला जे नाव आहे तेच याचे: फ्यूजलाज. दांड्याच्या पुढच्या टोकाला मोठा पंख आणि मागच्या टोकाला लहान पंख. या मागच्या पंखालाच शेपूट म्हणतात. घरी आम्ही कोंकणीत शेंपडी म्हणतो, आणि तो शब्द मला या चिमुकल्या पंखाला अधिक शोभतो. पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून अधिक दाट असल्याने एवढेसे पंख पुरतात. दीड हजार चौरस सेंटिमीटरांचा पंख ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने पाण्यातून जाऊ लागला म्हणजे ऐंशी किलो वजन सहज तोलून धरतो. हेच काम त्याच वेगाने हवेत करावयाचे झाल्यास सुमारे सव्वाशे चौरस मीटरांचा पंख लागेल; म्हणजे आमच्या शाळेच्या सभागृहाचे छप्परच उचलून न्यावे लागेल!

ही कल्पना काही फळीवाल्यांची नव्हे. इटलीच्या एनरिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माज्जोरे सरोवरावर अशा पंखांची नाव चालविली. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या नावेने १९१९ साली कॅनडात ताशी ११४ किलोमीटरांचा वेग गाठला. पण त्या नावा मोठ्या होत्या व त्यांचा तोल अनेक पंख मिळून सांभाळीत. फळीचा तोल सांभाळावयास केवळ माणसाचे दोन पाय आणि मागचे ते शेपूट एवढेच असते. म्हणून येथे शेपटाचा विचार अधिक काळजीने करावयास हवा.

शेपूट कशासाठी? समजा, पाण्यातील एखाद्या उसळीने फळीचे नाक किंचित वर गेले. पुढच्या पंखाचा पाण्याशी होणारा कोन वाढला, त्यासरशी त्याची उचल वाढली, आणि उचलीचा मध्यही पुढे सरकला. पंख एकटाच असता तर नाक आणखी वर गेले असते, आणि क्षणार्धात माणूस पाठीवर पडला असता. मागे पंख असला म्हणजे त्याचाही कोन त्याच वेळी बदलतो. एरवी तो पाण्याला धरून दांड्याचे मागचे टोक किंचित खाली दाबीत असतो. नाक वर जाताच हे दाबणे कमी होते, शेपूट वर येते आणि नाक आपोआप खाली बसते. हे तत्त्व फ्रान्सच्या आल्फाँस पेनो या तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या ट्युइलरी बागेत सिद्ध करून दाखविले होते. पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारे त्याचे खेळण्याएवढे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले, कोणाचाही हात न लागता, केवळ मागच्या शेपटाच्या आधारे तोल सांभाळीत.

आता मुख्य मुद्दा. हे सावरण्याचे बळ दोन गोष्टींवर अवलंबून असते: शेपटाचे क्षेत्रफळ आणि ते पुढच्या पंखापासून किती दूर आहे ते अंतर. दोहोंचा गुणाकार करावा. उदाहरणार्थ, २०० चौरस सेंटिमीटरांचे शेपूट ७० सेंटिमीटरांवर बसविले, तर गुणाकार १४,००० येतो. २८० चौरस सेंटिमीटरांचे शेपूट ५० सेंटिमीटरांवर बसविले, तरी तितकाच. यावरून दुकानदार सांगतात की दांडा आखूड झाला तरी बिघडत नाही, शेपूट थोडे मोठे घ्यावे म्हणजे झाले. हा हिशेब खोटा नाही, पण अर्धा आहे.

नाक खाली येणे निराळे आणि खाली येऊन तेथे थांबणे निराळे. झोपाळाही मधोमध परत येतो. पण थांबत नाही, पलीकडे जातो. फळीची ही डोलण्याची खोड मोडण्याचे कामही शेपूटच करते, आणि येथे अंतराचा हिशेब दोनदा लागतो. कारण उघड आहे. फळी डोलू लागली म्हणजे दूरचे शेपूट जवळच्यापेक्षा अधिक वेगाने पाणी कापते, म्हणून त्याला विरोध अधिक. आणि तो विरोध अधिक लांब भुजेवरून काम करतो, म्हणून त्याचा परिणामही अधिक. म्हणजे क्षेत्रफळाला अंतराच्या वर्गाने गुणावयाचे. वरच्या दोन संचांना हा नियम लावा. पहिल्याचे उत्तर ९,८०,००० आणि दुसऱ्याचे ७,००,०००. शेपूट चाळीस टक्क्यांनी वाढविले, त्याबरोबर पाण्याचा अडथळाही वाढला, आणि तरीही डोलणे शमविण्याची शक्ती चौथ्या हिश्शाहून अधिक घटली! हिशेब ढोबळ आहे, शेपटाचा आकार व खांबाची जागा यांनीही फरक पडतो, हे मान्य. परंतु त्याची दिशा बदलत नाही.

म्हणून माझे मत असे की, शिकणाऱ्याने स्थैर्य विकत घ्यावयाचे ते लांबीच्या रूपाने घ्यावे, शेपटाच्या आकाराच्या रूपाने नव्हे. मोठ्या शेपटाचा आणखी एक त्रास आहे, जो नवख्यास ठाऊक नसतो. वेग वाढला की शेपटाचे खाली दाबणे वेगाच्या वर्गाने वाढते, आणि फळीचे नाक वर येऊ लागते. मग पुढच्या पायावर भार टाकीत राहावे लागते. तो वेळेवर न टाकल्यास पुढचा पंख पाण्याबाहेर डोकावतो, त्यावर हवा शिरते, उचल एकाएकी नाहीशी होते आणि फळी धपकन खाली येते. माणूस कोठे पडेल याचा नेम नसतो, आणि खाली पंखांच्या धारा असतात.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी किनाऱ्यावर पाहुण्यांना साधी फळी शिकवून पोट भरतो. त्याने पै पै साठवून हा संच घेतला. विक्रेत्याने त्याला सर्वांत आखूड दांडा व सर्वांत लहान शेपूट दिले. पोरगा चपळ आहे, त्याला हेच शोभेल, असे सांगून. महिन्याभरात त्याच्या नडगीवर सहा टाके पडले आणि पावसाळा लागण्यापूर्वीचे त्याचे कमाईचे दिवस घरात बसून गेले. पुढे कोणाचा तरी वापरलेला लांब दांडा त्याने मिळविला. फळी तीच, खांब तोच, पुढचा पंखही तोच. आठवडाभरात तो पाण्यावरून सरळ जाऊ लागला. त्या विक्रेत्याची लबाडी होती असे मी म्हणत नाही. जे तज्ज्ञांना आवडते ते सर्वांस चालेल, असे त्याला प्रामाणिकपणे वाटले असावे, आणि मला याचेच भय अधिक वाटते.

आखूड दांड्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते लपवू नये. लाटेच्या कुशीत गर्रकन वळावयाचे तर लांब दांडा आडवा येतो. मागचे शेपूट जितके दूर, तितके ते वळताना फरफटते. पायांनी फळी वरखाली दाबून, वाऱ्यावाचून व लाटेवाचून पुढे जाण्याची जी कला आहे, तिच्यात आखूड दांडा जलद ताल धरतो. लहान शेपटाने वेगही वाढतो. याउलट सरळ शर्यतीत धावणाऱ्या शिडाच्या फळ्यांना सुमारे एक मीटरचे दांडे असतात, याकडे मात्र आखूडवादी सोयीस्कर डोळेझाक करतात. लांब दांडा हा केवळ नवशिक्यांचा पांगुळगाडा असता, तर जगातले उत्तमोत्तम खेळाडू त्यावर का उभे राहिले असते?

दुसरा एक आक्षेप असा घेतला जातो की, लांब दांड्यावर शिकलेल्याचे पाय आळशी होतात. कठीण साधनावर शिकलेलाच खरा तरबेज. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला येथे राइट बंधू आठवतात. १९०३ च्या त्यांच्या विमानात उंची सांभाळणारा पंख पुढे होता, आणि ते विमान इतके चंचल होते की चालकास क्षणोक्षणी सावरावे लागे. राइट बंधूंइतके तरबेज चालक त्या काळी दुसरे कोण होते? तरीही १९१० च्या आपल्या विमानात त्यांनी तो पंख मागे नेऊन बसविला.

ज्यांना संच घ्यावयाचाच आहे, त्यांनी दुकानात केवळ दांड्याची लांबी विचारू नये. दोन पंखांमधील अंतर स्वतः मोजावे, कारण दांड्याचा काही भाग पंखांच्या खाचांत जातो आणि छापील आकडा फसवा असू शकतो. शेपूट मध्यम घ्यावे. सराव झाल्यावर बदल करावयाचा तो एका वेळी एकच: आधी शेपूट लहान करून पाहावे, दांडा आखूड करण्याची पाळी शेवटी. शेपटाखाली बसविण्याची अर्ध्या अंशाची पाचर मिळते, ती स्वस्त असून पुष्कळदा नव्या शेपटाचा खर्च वाचविते. आणि संध्याकाळी पाण्याबाहेर आल्यावर सर्व स्क्रू सोडवून गोड्या पाण्याने धुवावेत. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचा दांडा व पोलादी स्क्रू एकमेकांत असे धरून बसतात की पुढे दांडा बदलावा म्हटले तरी तो सुटत नाही.