भार पडला की खरं कळतं

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली आणि नेमका तेव्हाच सासूबाईंना दमा उसळला. इन्व्हर्टरवर पंखा, दिवे चालू होतेच. वाफ द्यायचं मशीन लावलं मात्र, इन्व्हर्टरने दोनदा शिट्टी दिली आणि सारं घर अंधारात! डॉक्टरांनी दिलेला पंप उशाशी होता म्हणून निभावलं. पण ती दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

नवल हे की, आठच दिवसांपूर्वी कारागिराने मीटर लावून सांगितलं होतं, "ताई, बॅटरी एकदम ठीक. साडेबारा व्होल्ट आहेत." तो खोटं बोलला नव्हता. मग चुकलं कुठे?

माझे धाकटे दीर इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तपासणीचं काम करतात. ते हसून म्हणाले, "वहिनी, दावणीला बांधलेला बैल धष्टपुष्टच दिसतो. गाडीला जुंपा, मग कळेल." 12 व्होल्टची भरलेली बॅटरी, काही न जोडता मोजली, तर साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. थकलेली बॅटरीही तेवढेच दाखवू शकते! पण वयाबरोबर तिचा आतला अडथळा वाढतो. जास्त वीज मागितली की तिचे व्होल्ट धाडकन उतरतात आणि इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो.

म्हणूनच भावोजींच्या टेबलावर तीन यंत्रं असतात. पहिलं देणारं, डीसी सप्लाय. भिंतीतली 230 व्होल्टची दिशा बदलत राहणारी वीज ते एकाच दिशेची करतं आणि सांगू तितके व्होल्ट देतं. आपला मोबाइलचा चार्जर हा त्याचाच धाकटा भाऊ. दुसरं घेणारं, इलेक्ट्रॉनिक लोड. 'पाच अँपिअर ओढ' म्हटलं की तेवढेच ओढतं आणि त्या विजेची उष्णता करून टाकतं. तिसरं बॅटरीचं सोंग घेणारं, बॅटरी सिम्युलेटर. 'आता तू संपत आलीस' असं त्याला सांगितलं की ते तसंच वागतं. नवं उपकरण वेळेवर इशारा देतं की नाही, हे खरी बॅटरी उतरेपर्यंत तासन्‌तास न थांबता कळतं.

आपल्याकडे ही यंत्रं कुठली? पण भार तर आहेच! दर तीन महिन्यांनी, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, दिवसाउजेडी इन्व्हर्टरला येणारी वीज बंद करा. घरात कुणाला मशीनची गरज नाही अशी वेळ निवडा. मग रात्री लागणारं सगळं एकदम लावा, वाफेचं मशीनसुद्धा पाच मिनिटं. तासभर चाललं तर उत्तम. आधीच शिट्टी झाली तर तिथेच थांबवा, वीज पुन्हा सुरू करा आणि कारागिराला बोलवा. तो आला की म्हणा, "भार टाकून मोजा." किती वेळ चाललं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. बॅटरीच्या टोकांना मात्र आपण हात लावू नये.

राउटरचा अडॅप्टर बदलतानाही हाच नियम. पिन बसली म्हणजे काम झालं असं समजू नका. 'आउटपुट'पुढचे व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. अधिक-उण्याचं चित्रही तेच हवं. अँपिअर कमी पडले की अडॅप्टर भाराखाली वाकतो आणि राउटर सारखा बंद-चालू होतो. व्होल्ट जास्त झाले तर मात्र राउटरच जळायचा.

आमची बॅटरी बदलली. परवा रात्री पुन्हा वीज गेली, मशीन लावलं, आणि सासूबाई शांत झोपल्या. तुम्हीही येत्या रविवारी ही परीक्षा घेऊन बघाल ना?