वजनाचं विचारता, रंगाचं कोण विचारणार?

पनवेलमध्ये वधू-वर सूचक केंद्र चालवणाऱ्या बाईला तरुणांच्या मनातलं जेवढं कळतं, तेवढं त्यांच्या प्राध्यापकांनाही कळत नसावं. माझ्या फॉर्मवर पाच-एकची मुलगी पाच-तीन होते. पाच-पाचचा मुलगा पाच-आठ होतो. सावळीची गव्हाळ होते, गव्हाळची निमगोरी. आई शेजारी बसून म्हणते, "लिही गं, काही होत नाही." मुलगी लिहिते, पण माझ्याकडे बघत नाही.

माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. करतेय. स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी मोजणारी एक प्रश्नावली तिनं मला दाखवली. ती 1987 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी बायकांसाठी तयार केली. 34 प्रश्न, आणि सगळ्यांचा रोख एकच: गेल्या चार आठवड्यांत आपण जाड आहोत असं तुम्हाला किती वेळा वाटलं? प्रश्न वाईट नाहीत. वजनापायी जेवण सोडणाऱ्या मुली आपल्याकडेही आहेत. पण कामोठ्याहून माझ्याकडे येणारा एक मुलगा ही प्रश्नावली भरेल, तर तो अगदी निश्चिंत ठरेल. मित्र त्याला काडी पैलवान म्हणतात. पोलीस भरतीला मुलांची छाती न फुगवता 79 सेंटिमीटर लागते, ती त्याची भरली नाही. तेव्हापासून निम्मा पगार प्रोटीनच्या डब्यांवर जातो, आणि मे महिन्यातही हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतो. त्याला 'जाड वाटतं का' असं विचारून काय कळणार?

चीनमध्ये ही अडचण वेळेवर ओळखली गेली. तिथं उंचीवरून नोकरी अडते, लग्नही अडतं. चेन हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये चिनी किशोर-तरुणांसाठी स्वतःची मोजपट्टी प्रसिद्ध केली. 48 विधानं, पाच भाग: एकूण दिसणं, चेहरा, बुटकेपणा, जाडी आणि बारीकपणा. जाडी हा पाचातला फक्त एक.

आपण अशी मोजपट्टी केली तर पहिला भाग रंगाचाच हवा. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'नं नावातला 'फेअर' काढला, 'शादी डॉट कॉम'नं रंगावरून स्थळं चाळण्याची सोय बंद केली. मीही तेव्हा फॉर्ममधला वर्णाचा रकाना उडवला आणि स्वतःवर खूश झाले. आता तोच प्रश्न फोनवर येतो, "ताई, मुलगी उजळ आहे ना?" रकाना गेला, चौकशी राहिली. रंगाखालोखाल मुलांचं टक्कल, मुलींच्या ओठांवरची लव, दोघांची उंची. (चष्म्याचं आता कुणाला काही वाटत नाही, एवढी सुधारणा झाली खरी.)

मोजून काय होणार, असं भाचीच्याच आईनं विचारलं. मोजल्यानं कुणाचं दुःख जात नाही, मान्य. पण कॉलेजच्या समुपदेशकाकडे आज फक्त आपणहून येणारी मुलं पोचतात. कामोठ्याचा मुलगा कधीच जाणार नाही. नीट प्रश्न विचारले तर कुणाला बोलावून बसवायचं, हे तरी कळेल. नाहीतर उसन्या प्रश्नावलीवरून आमची मुलं मजेत असल्याचे निष्कर्ष निघतील आणि आपण ते खरे मानू.

प्रश्नावली भरताना आईवडील खोलीत नकोत, ही अट मात्र मी माझ्या अनुभवावरून घालेन. आणि भाषा घरातली हवी. 'स्वतःच्या देहप्रतिमेविषयी असमाधान' वाचून आमचा मुलगा पेन खाली ठेवेल. 'फोटो काढताना मागे उभे राहता का' असं विचारा, तो लगेच उत्तर देईल.

मुंबई विद्यापीठातल्या आणि पनवेलच्या कॉलेजांमधल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: हे काम हाती घ्या. आणि प्रश्न ठरवण्याआधी एखाद्या रविवारी माझ्या केंद्रात येऊन बसा. रविवारी गर्दी असते.