माथेरानचा ‘शोध’ नेमका कोणाला लागला?

१/
इंग्रजीत इतिहास सांगताना काही शब्द ठरलेल्या सोबतीनेच येतात. ‘डिस्कव्हर्ड बाय’, ‘ओपन्ड अप’, ‘सिन्स टाइम इमेमोरिअल’, ‘वाइप्ड ऑफ द मॅप’. मराठी इतिहासलेखनातही त्यांची रूपे रुळली आहेत : ‘शोध लावला’, ‘खुला केला’, ‘अनादी काळापासून’, ‘नकाशावरून पुसले गेले’. हे शब्दप्रयोग निरुपद्रवी वाटतात. परंतु वाक्यात कर्ता कोण आणि साक्षीदार कोण, याचा निर्णय तेच करून टाकतात. रायगड जिल्ह्यातील चौक या एका गावाच्या परिसरात हे चारही प्रयोग तपासता येतात.

२/
चौक हे खालापूर तालुक्यातील गाव. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, पनवेल आणि खोपोली यांच्या दरम्यान. डोक्यावर माथेरानचा डोंगर, शेजारी इर्शाळगड आणि प्रबळगड. सरनौबत नेताजी पालकर यांचे गाव म्हणून इतिहासप्रेमी त्याला ओळखतात. गडांवर जाणारे तरुण येथूनच वाट धरतात.

३/
मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम चौक येथे होता. कर्जत–खालापूरचा हा मुलूख त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. मॅलेट आज ‘वन ट्री हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाजूने डोंगर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. पुढे त्यांनी तेथे घर बांधले. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन माथेरानला आले आणि मुंबईच्या प्रतिष्ठितांचा ओघ सुरू झाला. या घटनाक्रमाचे सार पर्यटन पुस्तिकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत एकाच वाक्यात दिले जाते : ‘१८५० मध्ये मॅलेटने माथेरानचा शोध लावला.’

४/
या वाक्याला पहिला आक्षेप खुद्द ‘माथेरान’ हे नावच घेते. हे नाव इंग्रजी नाही. माथ्यावरचे रान असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. डोंगरावरच्या अनेक कड्यांना पुढे ‘पॅनोरमा’, ‘लुइझा’, ‘एको’ अशी इंग्रजी नावे मिळाली, परंतु डोंगराचे नाव मराठीच राहिले. ज्या ठिकाणाला आधीच नाव आहे, ते ठिकाण कोणाला तरी माहीत होते. नाव ठेवणारा माणूस त्या जागी गेलेला असतो, तिच्याविषयी बोललेला असतो.

५/
हे माहीतगार म्हणजे ठाकर, कातकरी आणि धनगर. लाकूड, मध, चारा, रानभाजी यांसाठी हे उतार त्यांच्या रोजच्या वापरातले होते. म्हणजे १८५० मध्ये डोंगर सापडला नाही. कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याला तो आवडला आणि त्याचे थंड हवेच्या ठिकाणात रूपांतर सुरू झाले. मॅलेट यांचे श्रेय खरे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की ते श्रेय वसाहतीच्या स्थापनेचे आहे, शोधाचे नव्हे.

६/
मराठीत ही अडचण अधिक दाट होते. आपला ‘शोध’ हा शब्द संस्कृतातील ‘शुध्’ या धातूपासून आलेला : शुद्ध करणे, निवडून पाहणे, तपासणे. ‘शोध घेणे’ हे कष्टाचे काम आहे. ‘शोध लावणे’ यात मात्र नवे यंत्र बनवणे आणि आधीपासून असलेली गोष्ट प्रथम पाहणे, हे दोन्ही अर्थ एकत्र झाले. त्यामुळे ‘माथेरानचा शोध लावला’ हे वाक्य कानाला जवळजवळ ‘माथेरान निर्माण केले’ असेच ऐकू येते.

७/
दुसरा प्रयोग ‘खुला केला’. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोर घाटाचा गाडीरस्ता झाला. ‘बोर घाट खुला झाला’ असे म्हटले की त्यापूर्वी तो बंद होता असे वाटते. वास्तविक कोकण आणि देश यांना जोडणारी ही वाट फार जुनी. घाटमाथ्याजवळची कार्ल्याची लेणी याच व्यापारी मार्गाच्या आधाराने बहरली. १८३० मध्ये घाट ‘चाकांच्या वाहनांना’ खुला झाला. हे दोन शब्द गाळले की दीड हजारांहून अधिक वर्षांची वर्दळ गळून पडते.

८/
तिसरा प्रयोग दिसायला सर्वांत आदराचा : ‘आदिवासी येथे अनादी काळापासून राहतात.’ येथे वाटणी पाहावी. मॅलेट यांना नाव, हुद्दा, महिना आणि वर्ष मिळते. ठाकरांना ‘अनादी काळ’ मिळतो. ज्याला तारीख नाही त्याला घटना नाहीत, स्थलांतरे नाहीत, निर्णय नाहीत. तो समाज इतिहासातून उचलून निसर्गात ठेवला जातो, डोंगर आणि ओढ्यांच्या शेजारी.

९/
‘हा केवळ वाक्प्रचार आहे, एवढा कीस कशाला?’ असा प्रतिवाद होतो. शोध म्हणजे सरकारदरबारी नोंद, इतकाच अर्थ घ्यावा, असेही म्हणतात. तो अर्थ मान्य केला, तरी नोंद कोणाची होते आणि कोणाची राहून जाते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर चौकजवळच आहे.

१०/
१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वस्तीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदतपथके पायी चढून गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचा समावेश नव्हता, असे सरकारने विधिमंडळात सांगितले.

११/
अशा प्रसंगी ‘गाव नकाशावरून पुसले गेले’ असे लिहिले जाते. हा चौथा प्रयोग. पुसले जाण्यासाठी आधी नोंदलेले असावे लागते. ही वस्ती धोक्याच्या यादीवर कधी आलीच नव्हती. ‘काळाने घाला घातला’ हा आपला घरचा वाक्प्रचारही तेच करतो : कर्तेपद काळाला दिले की यादी करणाऱ्यांना जाब विचारण्याची गरज उरत नाही. एका वाक्प्रचारामुळे दरड कोसळत नाही, हे उघड आहे. परंतु ज्या भाषेत डोंगरावरची माणसे जाणकार म्हणून मोजलीच जात नाहीत, त्या भाषेत तयार झालेल्या याद्यांतून त्यांच्या वस्त्या सुटणे सोपे जाते.

१२/
म्हणून इतिहास लिहिणाऱ्या तरुणांनी अशा प्रत्येक प्रयोगाला प्रश्न विचारावा. शोध लागला, तर कोणाला? खुला झाला, तर कोणासाठी? अनादी म्हणजे नेमके कोणते शतक? पुसले, तर आधी लिहिले होते का? ‘१८५० मध्ये मॅलेट यांच्या पुढाकाराने माथेरानला थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवण्यास सुरुवात झाली’ हे वाक्य थोडे लांब आहे. पण ते खरे आहे आणि त्यात डोंगरावर आधीपासून असलेल्या माणसांना जागा उरते.