वॉर्सा जपलेलं नाही, मोजलेलं आहे

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. परीक्षा, थंडी आणि आळस, तिन्ही कारणं खरी आहेत. पण परवा एका फोटोवरून जे काही झालं त्यानंतर गप्प बसवेना. नातेवाईक मंडळींनी हे आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून वाचावं, कारण ते आहेच.

झालं असं, की मागच्या शनिवारी एका दिवसासाठी वॉर्साला जाऊन आले. मी राहते त्या वूचहून रेल्वेने साधारण दीड तास. (नकाशावर लोड्झ वाटतं, म्हणायचं वूच. आईला अजून पटलेलं नाही.) विद्यार्थ्यांना तिकीट अर्ध्यात पडतं, सॅकमध्ये ब्रेड-चीज, म्हणजे खर्च जवळपास शून्य. जुन्या शहराच्या चौकात पोचले, ऊन छान पडलं होतं. रांगेने उभी असलेली पिवळी, गुलाबी, हिरवी घरं आणि मधोमध तलवार-ढाल घेतलेली जलपरी. फोटो काढला आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत उत्तरं. "बघा, किती जपलंय!" "आपल्याकडे असतं तर केव्हाच पाडून टॉवर उभा केला असता." "इतिहासाची कदर रक्तात असावी लागते." मग आमचे चुलतबंधू, ज्यांना सगळं आधीपासून माहीत असतं, त्यांचं एक वाक्य: "नकली आहे ते सगळं. युद्धानंतर बांधलंय. सेट आहे सेट."

मंडळी, तुम्ही सगळे चुकताय. दादा, तूसुद्धा. तुझी माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय.

आधी जपण्याचं बघू. त्या चौकात जपलेलं फारसं काही नाहीच. 1 ऑगस्ट 1944 ला वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, तो 63 दिवस चालला आणि फसला. त्यानंतर जर्मन पथकांनी उरलेलं शहर रस्त्यामागून रस्ता घेत जाळलं आणि सुरुंग लावून उडवलं. लढाईत पडलं ते वेगळं, हे ठरवून पाडलेलं. जुन्या शहराचा 85 टक्क्यांहून जास्त भाग गेला. राजवाडा उडवला. राजवाड्यासमोर झिग्मुंट राजाचा 1644 सालचा स्तंभ होता, तोही पाडला. आज उभा आहे तो 1949 मध्ये नवीन खांबावर चढवलेला, आणि जुने तुटके खांब शेजारीच राजवाड्याच्या कडेला आडवे ठेवलेत. पोरं त्यावर चढून फोटो काढतात. म्हणजे "आपल्याकडे असतं तर पाडलं असतं" हे वाक्य ज्या चौकाखाली तुम्ही लिहिलंत, तो चौक पाडलेलाच होता.

मग परत कसा उभा राहिला? इथे मला जे कळलं त्यानेच माझी झोप उडवली आहे. (टेक्स्टाइल शिकायला आलेल्या मुलीने घरांबद्दल बोलू नये हे मान्य. पण बोलणार.)

जुन्या शहरातल्याच ब्झोझोवा नावाच्या गल्लीत एक छोटं संग्रहालय आहे, फक्त या पुनर्बांधणीबद्दल. ज्याला त्याला बेर्नार्दो बेलोत्तोची गोष्ट आवडते, कारण ती गोड आहे. अठराव्या शतकातल्या या चित्रकाराने पोलंडच्या राजासाठी वॉर्साचे रस्ते बारकाईने रंगवले आणि ती चित्रं बघून शहर बांधलं. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. चित्रावरून दर्शनी भिंत बांधता येईल, जिना बांधता येत नाही. भिंत किती जाड, तुळई कुठे टेकली, खिडकीची कमान किती उंचीवर सुरू होते, हे चित्र सांगत नाही. ते सांगितलं मोजमापाच्या कागदांनी. तिथल्या तंत्रविद्यापीठात पोलिश वास्तुकलेचा एक विभाग होता. तिथले शिक्षक आणि विद्यार्थी युद्धाआधी वर्षानुवर्षं जुन्या इमारती टेप लावून मोजत होते, त्यांचे नकाशे काढत होते. कोणी हल्ला करणार म्हणून नव्हे, अभ्यासक्रमच होता तो! कंटाळत, जांभया देत मोजली असतील कित्येकांनी. विभाग उभा करणारे ऑस्कर सोस्नोव्स्की 1939 च्या वेढ्यात जखमी होऊन गेले. जर्मन अमलात ते काम चोरून चालू राहिलं. आणि उठाव फसल्यावर, शहर जळत असताना, कागदांचे गठ्ठे बाहेर काढून प्योत्रकूवच्या मठात लपवले गेले. यान झाखवातोविच हे त्यातलं मोठं नाव, पुढे पुनर्बांधणीची सूत्रं त्यांच्याच हाती आली. चौक 1953 मध्ये तयार झाला. राजवाड्याचं काम तर 1971 मध्ये ठरलं आणि लोकांच्या देणग्यांवर 1984 पर्यंत चाललं.

सांगायचा मुद्दा असा, की "कदर रक्तात" वगैरे काही नसतं. कागद असतो. कागद नसता तर जगातली सगळी कदर घेऊनही त्यांना ते घर बांधता आलं नसतं.

आता दादाचं "नकली". नकली त्याला म्हणावं जे नवं असून जुनं असल्याचं सोंग करतं. वॉर्सा सोंग करत नाही, ते स्वतःच संग्रहालय काढून सांगतं. युनेस्कोने 1980 मध्ये यादीत घेतलं तेही पुनर्बांधणी म्हणूनच. काशी विश्वेश्वराचं देऊळ अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात नव्याने बांधलं, तिथे नमस्कार करताना तू "सेट आहे" म्हणाला होतास का? हां, एक गोष्ट मात्र मी तुझ्या पदरात टाकते. त्यांनी जसं होतं तसंच बांधलं असंही नाही. मागच्या दाटीवाटीच्या इमारती गाळून अंगणं मोकळी केली, काही दर्शनी भाग आपल्या आवडीने "जास्त जुने" केले. आणि विटा? त्यातल्या कितीतरी व्रोत्स्वाफसारख्या शहरांतून आणल्या. ती शहरंही उद्ध्वस्तच होती, आणि विटांसाठी तिथे दुरुस्त होऊ शकणाऱ्या इमारतीही पाडल्या गेल्या. हे चौकातल्या पाटीवर लिहीत नाहीत.

(जाता जाता: "शनिवारवाडा परत बांधा" म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, 1828 च्या आगीआधीचे घराघराचे, खणाखणाचे मोजलेले नकाशे कुठे आहेत? नसतील तर जे बांधाल तो खरंच सेट असेल.)

दुपारी तिथून चालत मुरानूवला निघाले. वाटेत मॉन्टे कॅसिनोच्या स्मारकाजवळ चक्क कोल्हापूर! दुसऱ्या महायुद्धात साधारण पाच हजार पोलिश निर्वासितांना, त्यात कितीतरी बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला होता, 1943 पासून 1948 पर्यंत. त्याच्या कृतज्ञतेची खूण 2017 मध्ये इथे उभारली. हाही फोटो ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. वळिवड्याला त्या छावणीचं आज काय उरलंय, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मुरानूव म्हणजे जिथे ज्यूंची वस्ती होती, जिथे जर्मनांनी घेट्टो केला आणि 1943 च्या तिथल्या उठावानंतर जमीनदोस्त केला. युद्धाआधी वॉर्सात साडेतीन लाखांच्या आसपास ज्यू होते, शहरातला जवळजवळ तिसरा माणूस. नालेव्की हा त्यांचा गजबजलेला बाजाररस्ता. तो कोणी परत बांधला नाही. ढिगारा इतका होता की उचलणंच शक्य नव्हतं, म्हणून त्याच्यावरच आणि त्याच्याच चुऱ्याचे ठोकळे करून नवी वसाहत उभी केली. आजही काही इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत, पायऱ्या चढून जावं लागतं. मी एका बाकावर बसून ब्रेड खाल्ला. समोरच्या बाल्कनीत कोणीतरी चादर वाळत घातली होती. हिरवळीचा उंचवटा दिसत होता. तो उंचवटा म्हणजे काय हे माहीत झाल्यावर घास उतरेना.

म्हणजे बघा, एकाच शहरात, एकाच काळात, एक चौक दगडादगडाने परत येतो आणि दीड किलोमीटरवरचा रस्ता येत नाही. मागणारेच उरले नव्हते. "युरोपने जपलं" म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे बसावं.

पण तिथेही कागद होता. घेट्टोत कोंडलेले इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांचे साथीदार गुपचूप सगळं गोळा करत होते. रोजनिशा, मुलांचे निबंध, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागदसुद्धा. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या बरण्यांत भरून ते पुरलं. युद्धानंतर 1946 मध्ये पेट्या सापडल्या, 1950 मध्ये बरण्या. रिंगेलब्लुम 1944 मध्येच मारले गेले होते. गोळा करणाऱ्यांतले अगदी थोडे वाचले. ते कागद आज तिथल्याच ज्यू इतिहास संस्थेत आहेत. काचेपलीकडची दुधाची बरणी बघून मी बाहेर आले आणि नंतर फार काही बघितलं नाही. संध्याकाळची गाडी पकडली.

आमच्या घराची त्या गोष्टीशी तुलना करायची मला लाज वाटते, करतही नाही. आमचं घर कोणी सुरुंग लावून उडवत नाहीये. आम्हीच सह्या करतोय.

हो, वाईच्या घराबद्दलच बोलतेय. दिवाळीनंतर बिल्डरशी करार आहे. आणि हे लक्षात घ्या, मी "पाडू नका" म्हणत नाही. पावसाळ्यात माडीवर सात बादल्या लावाव्या लागतात, आजी त्या अंधाऱ्या जिन्यावरून दोनदा पडली, रात्री न्हाणीघराकडे जाताना काकूला काय वाटतं ते तिलाच विचारा. दुरुस्तीचे पैसे माझ्याकडे नाहीत. मी वर्षातून आठ दिवस येणार आणि "कसला सुंदर वाडा" म्हणून हळहळणार, मला तो हक्क नाही. शिवाय मुलींना या विषयात कोण विचारतं, तो मुद्दा वेगळा, तो घरी आल्यावर.

माझं म्हणणं एवढंच, की "आपल्याकडे कदरच नाही" असं म्हणत सही करू नका. ते वाक्य फार सोयीचं आहे. सगळ्या देशावर ढकललं की आपल्यावर काही उरत नाही. मोजायला काय लागतं? टेप, वही, दोन माणसं, आठ दिवस. ओसरीचे खण किती रुंद आहेत कोणाला माहीत आहे? बळदाचं तोंड कुठे होतं? देवघराच्या कोनाड्यात आजोबांनी पेन्सिलीने पुराच्या पाण्याच्या खुणा केल्यात, त्याचा एक तरी फोटो कोणाकडे आहे? माजघरातल्या ट्रंकेत रेशनकार्डं आहेत, जुन्या वाणसामानाच्या याद्या आहेत, ती ट्रंक रद्दीवाल्याला द्यायचं ठरलंय असं कानावर आलं. माझ्या येण्याआधी ती गेली तर मी खरंच बोलणार नाही कोणाशी.

घर परत कोणी बांधणार नाही, मलाही माहीत आहे. वॉर्सातल्या त्या जांभया देणाऱ्या पोरांनाही माहीत नव्हतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी पोचते. दादा, सेट म्हणायची एवढी हौस आहे ना, टेपचं दुसरं टोक तू धरायचंस. तीस मीटरची टेप मी इथूनच आणते. आत्या, माडीची किल्ली सध्या कोणाकडे आहे?