आधी बाटली, मग केस

लग्नसराई जवळ आली की पार्लरांच्या दारांवरचे फलक बदलतात. रीबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया अशी नावं, त्याखाली ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रं आणि काही हजारांत बसणारा भाव. तो फलक वाचणारी मुलगी बहुतेकदा एकच प्रश्न स्वतःला विचारते: सरळ केस मला शोभतील का? त्याचं उत्तर आरसा देईल, नाहीतर मैत्रीण देईल. ग्राहक म्हणून विचारायचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. केसांना नेमकं काय लावणार आणि हे वर्षातून किती वेळा, किती वर्षं करत राहावं लागणार? केस रसायनानं सरळ करून घ्यावेत की नाही हे या दोन उत्तरांवर ठरायला हवं, आणि ती उत्तरं मिळत नसतील तर नाही म्हणून परत यायला हवं, एवढाच आजच्या स्तंभाचा मुद्दा आहे.

केस सरळ करण्याच्या पद्धती अनेक असल्या तरी ग्राहकाच्या दृष्टीनं त्यांचे दोन गट पडतात. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि त्या प्रथिनातले गंधकाचे बंध केसाला त्याचा आकार देतात. रीबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेट जातीच्या क्रीमनं हे बंध तोडतात, तापलेल्या इस्त्रीनं केस सरळ ओढतात आणि न्यूट्रलायझर लावून, म्हणजे बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइडनं, बंध नव्या जागी पुन्हा जोडतात. क्रीम जास्त वेळ राहिलं तर टाळू भाजते. रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस तर हातात तुटून येऊ शकतात. हे तोटे जुने आणि माहितीतले आहेत. दुसरा गट ‘केराटिन’ या नावानं चालतो. नाव ऐकून वाटतं की केसांना प्रथिनाचा खुराक मिळणार. प्रत्यक्षात ब्राझीलमधून जगभर पसरलेल्या मूळ पद्धतीत काम करत होतं ते फॉर्मल्डिहाइड. ते केसातल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं आणि सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवलेली इस्त्री फिरली की त्याचा वायू खोलीत पसरतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, ते त्यामुळे.

फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळवलं की फॉर्मलिन होतं. २०१८ मध्ये मासळीत फॉर्मलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात गदारोळ उठला होता आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली होती. ताटातल्या फॉर्मलिनबद्दल आपण एवढे जागरूक, पण तेच रसायन चकचकीत बाटलीतून डोक्यावर आलं की त्याला ‘ट्रीटमेंट’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. युरोपीय संघानं २०१९ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत ते मुद्दाम घालण्यावर बंदी आणली. ज्या ब्राझीलमधून ही पद्धत निघाली, तिथं केस सरळ करण्यासाठी ते वापरायला मनाई आहे आणि २००९ पासून औषधदुकानांतून त्याची विक्रीही बंद आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बंदीचा प्रस्ताव आणायचं २०२३ मध्ये जाहीर केलं. पण एप्रिल २०२४ ची ठरलेली वेळ कोरडीच गेली.

यावर पार्लरचं तयार उत्तर असतं: आमचं प्रॉडक्ट फॉर्मल्डिहाइड-फ्री आहे. हे उत्तर प्रामाणिकपणे दिलेलं असलं तरी पुरेसं नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं सलूनमधली हवा तपासली, तेव्हा लेबलवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलेल्या उत्पादनाच्या वापरातही त्याचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. पाण्यात मिसळलेलं फॉर्मल्डिहाइड मिथिलीन ग्लायकॉल या नावानंही लिहिता येतं, आणि उष्णता मिळाली की त्यातून पुन्हा तोच वायू सुटतो. शिवाय एक रसायन बदनाम झालं की त्याच्या जागी दुसरं येतं आणि फलकावरचं नाव तेवढं ताजं होतं. अलीकडच्या बऱ्याच ‘फॉर्मलिनमुक्त’ स्मूदनिंग उत्पादनांत ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं ट्युनिशियातल्या एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत छापली. २०२० ते २०२२ या काळात तिनं तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये दहा टक्के ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. तेच क्रीम उंदरांना लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. त्याआधी इस्रायलमधल्या डॉक्टरांनी केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडं अचानक मंदावलेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या आरोग्य सुरक्षा संस्थेनं हे ॲसिड असलेली उत्पादनं टाळा, असा सल्ला दिला. लाखोंच्या वापरात अशी प्रकरणं थोडीच आहेत. पण त्यांना वर्षानुवर्षांचा वापर लागत नाही. एका बैठकीनंतरही ती घडू शकतात.

आता दुसरा प्रश्न, किती वेळा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात आणि मुळाशी येणारा नवा केस जन्मजात वळणाचाच असतो. रीबॉन्डिंग केलेला भाग सरळ राहतो, मुळं कुरळी दिसू लागतात आणि सहा-आठ महिन्यांत पुन्हा खुर्चीत बसावं लागतं. केराटिनचा परिणाम तर त्याआधीच ओसरतो. बाविसाव्या वर्षी लग्नासाठी म्हणून सुरू केलेलं हे काम वर्षातून दोनदा चाललं, तर बत्तिसाव्या वर्षापर्यंत वीस बैठका होतात. सोडायचं ठरवलं तरी लांब केस मुळापासून नवे यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर अर्धे सरळ, अर्धे कुरळे केस सांभाळायचे, आणि जिथं जुना-नवा पोत भेटतो तिथंच ते तुटतात. त्यामुळे ‘एकदा करून बघू’ हा पर्याय कागदावरच राहतो. हा खर्च घराच्या हप्त्यासारखा आहे, आणि त्याचा हिशेब पहिल्या दिवशीच मांडायला हवा.

वारंवारतेवर एवढा भर देण्याला आणखी एक कारण आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता केस सरळ करणारी रसायनं न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघाली. हे आकडे मोबाइलवर फिरतात तेव्हा त्यांच्या अटी गळून पडतात. या अभ्यासातल्या सगळ्या स्त्रियांच्या बहिणींना स्तनाचा कर्करोग झालेला होता. रसायनं वापरणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्के कृष्णवर्णीय होत्या, आणि त्यांच्याकडची रिलॅक्सर क्रीमं आपल्या पार्लरांतल्या उत्पादनांहून बरीच वेगळी. वर्षातून चार किंवा त्याहून कमी वेळा वापरणाऱ्यांत हा संबंध ठामपणे दिसला नाही. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं, असंही नाही. म्हणून हा आकडा जसाच्या तसा पुण्या-नाशिकच्या मुलीवर लावणं चूक आहे, आणि वर्षातून एक-दोनदा करणाऱ्या कुणाला त्यावरून घाबरवणं तर आणखी चूक. त्यातून घ्यायचं ते एवढंच की धोका वाढताना दिसला तो वारंवार वापरात. जी गोष्ट वर्षानुवर्षं पुन्हा करावी लागणार, तिच्याबाबत ही खूण दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

‘माझे केस, माझं शरीर, माझी मर्जी’ हा आक्षेप मला मान्य आहे. स्त्रियांच्या केसांवर हुकूम सोडणारे घरात आणि बाहेर आधीच पुष्कळ आहेत. त्यांत स्तंभलेखकाची भर नको. पण या मर्जीचा सगळ्यात मोठा भार पडतो तो खुर्चीत बसणारीवर नाही. ती दोन-तीन तास ती हवा घेते आणि घरी जाते. इस्त्री फिरवणारी मुलगी त्याच वाफेत हंगामभर उभी असते, बहुतेकदा एसीमुळे दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत. तिला ती बाटली निवडायचा अधिकार नसतो आणि खिडकी उघडायला सांगायची सोयही नसते. ग्राहकाला ते सांगता येतं, कारण पैसे तिचे असतात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कुरळे केस राखणं कष्टाचं असतं, मुंबईच्या आणि कोकणाच्या पावसाळी दमट हवेत ते फुलतात, आणि मुलाखतीला किंवा फ्रंट ऑफिसला ‘नीट’ दिसण्याचा अर्थ आजही सरळ केस असाच घेतला जातो. सकाळी लोकल पकडणाऱ्या बाईचा वाचलेला अर्धा तास क्षुल्लक म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. मात्र सोय आणि सक्ती यांत फरक करायला हवा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या रूपवतींच्या कपाळावर कुरळ्या बटा आहेत. सरळ, सळसळते केस म्हणजेच सौंदर्य हे समीकरण इथल्या मातीतून आलेलं नाही. ज्या मुलीला मनापासून सरळ केस हवेत, तिनं ते जरूर करावेत. जिला केवळ चार दिवसांच्या समारंभासाठी हवेत, तिला साधी इस्त्री पुरते. इस्त्रीनं केस कोरडे पडतात, पण पुढच्या धुण्यात आपलं वळण परत मिळतं.

म्हणून माझा कौल असा. ज्यात काय आहे हे सांगता येतं ते रीबॉन्डिंग, केसांचं नुकसान होणार हे समजून आणि कमीत कमी वेळा, सज्ञान स्त्रीनं करून घेतलं तर हरकत नाही. गरोदरपणात आणि टाळूवर जखम असताना मात्र नाही. केराटिन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया या नावांखालचं काहीही बाटली वाचल्याशिवाय नाही. भारतातल्या नियमांनुसार घटकद्रव्यं लेबलवर असायला हवीत, आणि आयात केलेल्या प्रसाधनावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांकही. फॉर्मल्डिहाइड, फॉर्मलिन, मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिड यांपैकी एक नाव दिसलं, किंवा मोठ्या डब्यातून लेबल नसलेल्या बाटलीत ओतलेलं काही पुढं आलं, तर तिथून उठावं. पण लेबल खोटं निघू शकतं हे आपण वर पाहिलं, आणि ते ओळखण्याची प्रयोगशाळा ग्राहकाच्या पर्समध्ये नसते. ती अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. दिवाळीच्या तोंडावर मिठाई आणि खव्याचे नमुने हे खातं उचलतं. लग्नसराईच्या तोंडावर पार्लरांतल्या या बाटल्यांचे नमुने घेऊन त्यांचे निकाल नावानिशी जाहीर करणं त्याला अशक्य नाही. तशी मागणी महिला आयोगानं, ग्राहक पंचायतीनं आणि पार्लरचालकांच्या संघटनांनीही करायला हवी. प्रामाणिक धंदा करणाऱ्या पार्लरवालीचा तर त्यात फायदाच आहे, कारण आज तिची चांगली बाटली आणि शेजारची भेसळीची बाटली एकाच फलकाखाली, एकाच नावानं विकली जाते.