कोंड्याचा हिशोब कोण देणार?

यंत्राला जात नसते म्हणे. आपल्यातलेच शिकलेले भाऊ आता सभेत हे ठासून सांगतात. गिरणी आली, मोटर फिरली, पट्टा चढला की जात गेली!

मग मुंबईच्या कापडगिरण्यांत काय चाललं होतं? विणकाम खात्यात पगार जास्त, आणि त्याच खात्यात अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर तुटलेला धागा जोडताना तोंडानं ओला करावा लागे. आपल्या थुंकीनं शेजारचा कामगार बाटायचा. हातात संपाचं निशाण आणि डोक्यात विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. माग विलायतेचा होता, जात इथलीच होती.

दुसरे शहाणे उलट्या टोकाला जातात. यंत्रच पापी, हातसडीचा तांदूळ खा, म्हणतात. १९३४ साली वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचंही सांगणं हेच. खायला चांगलंच आहे हो. पण सडायचं कोणी? ढेकीवर पाय मारून जिच्या पिंढऱ्या गेल्या त्या मायला विचारा, तिला ढेकी परत पाहिजे का. बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात गांधीवादाला याच मुद्द्यावर धरलं. यंत्र दोषी नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या घशात घालणारी समाजरचना दोषी आहे, हा त्यांचा मुद्दा. आपला रस्ता तोच. मोटर बंद करा असं आपण म्हणत नाही. मोटर फिरते तेव्हा कोणाच्या पदरात काय पडतं, ते मोजा म्हणतो.

तर चला, मोजू. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा, राईस मिलचा जिल्हा. मिलमध्ये धान आधी चाळणीत जातं, खडे निघतात. मग ते रबराच्या दोन रुळांमध्ये पडतं. रूळ उलट दिशेनं फिरतात, एक जोरात, एक हळू. त्या ओढाताणीत तूस फाटतं, पंखा ते उडवून लावतो. आत निघतो भुरा तांदूळ. तो पॉलिशरमध्ये घासला की वरचा कोंडा झडतो आणि तांदूळ पांढरा होतो. शेवटी चाळणी अख्खा दाणा एकीकडे काढते, कनकी एकीकडे.

सरकार हमीभावानं धान घेतं आणि भरडाईला मिलला देतं. नियम असा की १०० किलो धानामागे मिलनं ६७ किलो कच्चा तांदूळ परत करायचा. उसना असेल तर ६८. उरलेलं मिलचं. त्यात साधारण २० किलो तूस आणि ५ ते ८ किलो कोंडा. केंद्राच्या हिशोबात कच्च्या तांदळाच्या भरडाईचा दर क्विंटलला १० रुपये धरलेला. कमी वाटतो ना? कमी आहे, कारण खरी मजुरी त्या उरलेल्यात आहे. कोंड्यातून तेल निघतं. तूस बॉयलरमध्ये जळतं. कनकी बाजारात जाते.

आता मागं वळून पाहा. रास मालकाच्या घरी जायची आणि खळं झाडून जे निघायचं ते आपल्या पदरात. कोंडा आपला, कनकी आपली. कोंड्याचा मांडा करून खा, हा उपदेशही आपल्यालाच. कोंड्याला भाव नव्हता तोवर तो आपला होता. त्यातून तेल निघालं आणि तो मालकाचा झाला. हे यंत्रानं केलं का? छे. यंत्रानं फक्त दाणा सोलला.

आणि सोलताना काय गेलं? जीवनसत्त्व ब-१ मुख्यतः कोंड्यात असतं. गेल्या शतकाआधीच जावामध्ये आइकमन नावाच्या डच डॉक्टरानं पाहिलं की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर कोंबड्या लुळ्या पडतात; त्याच वाटेनं बेरीबेरीचं कोडं सुटलं. १९२९ साली त्याला नोबेल मिळालं. तरी रेशनच्या थैलीत येतो तो पांढराच.

मग २०२१ साली घोषणा झाली: पोषणयुक्त तांदूळ देऊ. तो कसा करतात? तांदूळ, बहुधा कनकी, दळून पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घालतात, साच्यातून पुन्हा दाण्याचा आकार देतात आणि १०० दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. म्हणजे एका यंत्रानं काढायचं, दुसऱ्यानं भलतंच भरायचं, आणि दोन्हीचं बिल लावायचं!

इथे आपल्या रक्ताचा प्रश्न आहे. सिकलसेल विदर्भात कोणाच्या घरात आहे? बौद्धांच्या वस्तीत, गोंड-परधानांच्या टोल्यावर. लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेलच्या रुग्णांनी हे खाऊ नये अशी सूचना छापण्याचा नियम २०१८ साली झाला. २०२४ मध्ये, धोका आढळत नाही असं सांगून, तांदळावरची ती सूचना काढली. धोका नसेल तर आनंदच आहे. पण सूचना होती तेव्हा किती मायांना कोणी वाचून दाखवली? आणि काढली तेव्हा कोणी समजावून सांगितलं? थैली सुटी, तांदूळ सुटा. वाचायचं कुठं?

राहिली धूळ. गोध्र्याला गारगोटी दळणारे कारखाने. तिथे राबायला गेले अलीराजपूर-झाबुआचे आदिवासी, आणि छातीत दगडाची धूळ घेऊन परतले. २३८ मृतांच्या वारसांना तीन-तीन लाख द्या, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली काढावा लागला. तुसाची धूळ म्हणजे गारगोटी नव्हे. पण तोंडाला दुपट्टा बांधून पोतं उचलणारा माणूस कारखान्याच्या मालकाला तिथेही स्वस्त होता, इथेही आहे. १९४८ च्या कायद्यात विजेवर १० कामगार असले की कारखाना. २०२० च्या संहितेनं तो आकडा २० केला. लहान मिलवाल्याला आणखी काय पाहिजे?

१९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघानं बाबासाहेबांना पाडलं. त्या हरण्यावर दरवर्षी भाषणं होतात. गड्यांनो, भाषण पुरे. वही-पेन्सिल घ्या, आपल्या तालुक्यातल्या मिलवर जा. लिहा: पोतं कोण उचलतं, तूस कोण भरतं, झाडायला कोणाच्या बाया आहेत आणि गल्ल्यावर कोण बसतं. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली किती हमाल नोंदले आहेत, विचारा. धुळीसाठी पंखा-पिशवी आहे का, पाहा. वस्तीतल्या पोरापोरींची सिकलसेल तपासणी झाली का, घरोघर विचारा. आणि ग्रामसभेत उभं राहून म्हणा: धान आमच्या घामाचं, मजुरी आमची, रोग आमचा, मग कोंडा कोणाचा?

यंत्राला जात नसते, असं कोणी पुन्हा म्हणालं तर ती वही त्याच्यापुढे उघडा.