परतलेले मांजर परके का होते?

घरात तीन मांजरे आहेत. आई आणि तिची एकाच वेळी झालेली दोन पिल्ले, एक बोका व एक भाटी. चार वर्षे तिघेही एकाच जुन्या गोधडीवर अंगाला अंग लावून झोपत आली. एके दिवशी पायाला झालेल्या गळवामुळे बोक्याला पशुवैद्याकडे न्यावे लागते. भूल देऊन जखम धुतली जाते, पट्टी बांधली जाते आणि सायंकाळी त्याला उंबऱ्याच्या आत सोडले जाते. सकाळी ज्या आईने त्याचे कान चाटले होते, तीच आता पाठीचे केस फुलवून, कान मागे पाडून त्याच्यावर फिस्कारते. बहीण पंजा उगारते. दुखणाईत जीव कपाटाखाली शिरतो तो जेवणालाही बाहेर येत नाही. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “जनावरच ते! आजाऱ्याची दया त्याला कुठून येणार?” दोन-तीन दिवस झटापटी चालू राहिल्या की याला दुसरीकडे कुठेतरी सोडून द्यावे, अशीही सूचना पुढे येते.

एकाहून अधिक मांजरे असलेल्या घरांत हा प्रसंग नवा नाही. पशुवर्तनाचे अभ्यासक त्याला ओळख न पटल्याने होणारी आक्रमकता मानतात. आईने मुलाला नाकारलेले नसते. समोर आलेला प्राणी आपला मुलगा आहे, हेच तिला उमगलेले नसते.

जैन दर्शनात मांजराची गणना पंचेंद्रिय तिर्यंचात होते. स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू आणि कर्ण या क्रमात घ्राण तिसरे, म्हणजे ते मुंगीसारख्या त्रींद्रिय जीवापाशीही असते. माणसाला पाचही इंद्रिये लाभली, तरी त्याचा बहुतेक व्यवहार डोळे आणि कान यांवर चालतो. म्हणूनच चेहरा तोच, रंग तोच, तरी ओळख का पटू नये, हे कोडे त्याला सुटत नाही. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर व शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरे एकमेकांना अंग घासतात, चाटतात, एकाच अंथरुणावर झोपतात. त्यातून सर्वांच्या गंधांचा मिळून एक सामाईक वास तयार होतो. तो वास ज्याच्या अंगाला, तो आपला. दवाखान्यातून आलेल्या बोक्याच्या अंगावर जंतुनाशकाचा, भुलीच्या औषधाचा, परक्या हातांचा आणि भेदरलेल्या इतर प्राण्यांचा वास असतो. भुलीमुळे चालही अडखळती झालेली असते. घरच्या मांजरांच्या दृष्टीने तो आगंतुकच ठरतो.

मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया व आफ्रिकेतील रानमांजर. ते एकांडे राहते, एकटेच शिकार करते. माणसाच्या धान्याच्या कोठारांभोवती उंदीर वाढले, त्यांच्यामागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाजवळ पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे. उत्क्रांतीच्या मोजमापाने हा सहवास अगदी अलीकडचा. तरीही अन्नाची ददात नसेल तेथे माद्यांचे गट जमतात, एकीच्या पिल्लांना दुसरी दूध पाजते. अमेरिकेतील शॅरन क्रोवेल-डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या निरीक्षणांचा एकत्रित आढावा घेऊन, मांजर हा समाजशून्य प्राणी नव्हे, असे मांडले.

या समाजातली जवळीक माणसाला वाटते तितकी सरळ मात्र नसते. नेदरलँड्समधील रूड व्हॅन डेन बॉस यांनी बंदिस्त जागेत राहणाऱ्या मांजरांचे परस्परांना चाटणे बारकाईने पाहिले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चाटणारे मांजरच चाटून घेणाऱ्यापेक्षा अधिक वेळा आक्रमक होत असल्याचे दिसले. पुष्कळ घरांत हे दृश्य परिचयाचे आहे: प्रेमाने मान चाटली जाते आणि लगोलग एक थप्पड बसते! ताण प्रत्यक्ष भांडणात न उतरता चाटण्यातून ओसरत असावा, असा त्यावरचा तर्क आहे.

भांडण झाल्यावर समेट करण्याची रीत मात्र मांजरांपाशी फारशी नाही. चिंपांझी भांडणानंतर प्रतिस्पर्ध्याजवळ जाऊन त्याला स्पर्श करतात, कवटाळतात. फ्रान्स द वाल यांनी ते 1970 च्या दशकातच नोंदले. मांजरांत अशी ठळक खूण दिसत नाही, असे बहुतेक वर्तनतज्ज्ञ मानतात. क्षमापनेचा दिवस पाळणाऱ्या समाजाला हे विशेष जाणवावे. चुकीने जडलेले वैर मांजरे आपसांत बोलून मिटवू शकत नाहीत. बहुधा ती एकमेकांना टाळत राहतात, आणि प्रत्येक नव्या झटापटीने ते वैर घट्ट होते. समेटाची व्यवस्था घरच्या माणसांनाच करावी लागते.

ती अवघड नाही, फक्त वेळ मागते. परतलेल्या मांजराला प्रथम वेगळ्या खोलीत ठेवावे. तेथेच त्याचे अन्न, पाणी, अंथरूण आणि रेतीचे घमेले असावे. त्याला आंघोळ घालण्याचा मोह टाळावा. उरलासुरला स्वतःचा वासही त्यात जातो. एका मऊ फडक्याने घरच्या मांजरांचे गाल हळुवार पुसावेत, तेच फडके परतलेल्याच्या अंगावरून, जखम वगळून, फिरवावे. अंथरुणे अदलाबदल करावीत. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, आधी दूर आणि रोज थोडे जवळ, जेवणाच्या ताटल्या ठेवाव्यात. दोन्हीकडची मांजरे दाराशी स्वस्थपणे खाऊ लागली की दार बोटभर उघडावे. कधी हे एका दिवसात जमते, कधी कित्येक आठवडे जातात. फिस्कारणाऱ्या मांजराला मारणे किंवा दोघांना हातात धरून समोरासमोर आणणे, ही हमखास बिघडवणारी कृत्ये होत. झुंज जुंपलीच तर मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवावा, हात घालू नये. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या बाबतीत घरचे मांजर हा अपवाद नाही.

सोडून देण्याच्या सूचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात धनप्राप्तीसाठी मांजरासारखे प्राणी पोसणे श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या व्यवसायांत मोडते. दारी आलेल्या भुकेल्या जीवाला आश्रय देणे ही गोष्ट वेगळी. पण आश्रय दिल्यावर त्याला पोत्यात घालून बाजारपेठेत नेऊन सोडणे ही जीवदया कशी म्हणावी? ओळखीच्या वासाचा प्रदेश हरवलेले मांजर तेथे उपासाने, कुत्र्यांनी किंवा वाहनांखाली मरते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

पुढच्या खेपेस दवाखान्यात नेण्याची टोपली आठवडाभर आधीच घरात उघडी ठेवावी, तीत तिघांच्या झोपण्याची गोधडी अंथरावी. शक्य असेल तर सोबत्यालाही बरोबर न्यावे, म्हणजे दोघेही एकाच वासाने परततील. आणि आल्यावर दार लावून घ्यावे. सकाळपर्यंत कोणालाही कोणाची ओळख पटवून देण्याची घाई करू नये.